नवें यंत्र आणि जुना कारभारी

घरांत नवी वस्तु आली म्हणजे पहिले आठ दिवस तिचें कौतुक चालतें आणि नवव्या दिवशीं जुनीची आठवण होऊं लागते, हा अनुभव प्रत्येक कुटुंबाचा आहे. गॅसची शेगडी आली तेव्हां चुलीवरच्या भाकरीची चव आठवली. मिक्सर आला तेव्हां पाट्यावरच्या चटणीची. पण शेगडी परत करून कोणी पुन्हां चूल मांडली असें फारसें घडलें नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र लोक तसें करूं पाहतात. नवें कोरें यंत्र विकत घ्यावयाचें, आणि महिना लोटण्यापूर्वीं त्यांतील नवी ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागीं दहापंधरा वर्षांपूर्वींची घालून द्या म्हणून कारागिराच्या मागें लागावयाचें, हा प्रकार माझ्या ओळखीच्या तीन घरांत गेल्या वर्षांत घडला. चौथें घर आमचेंच. त्यांत मीं जें केलें तें इतरांनीं करूं नये, आणि शेवटीं जें कळलें तें मात्र सर्वांस कळावें, म्हणून या महिन्याची बैठक त्याच विषयावर.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हें घरांतील वडील मंडळींसाठीं प्रथम सांगतों. आमचें जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होतें. कोणत्याही संस्थानांत राजा गादीवर असे. पण कोठीच्या किल्ल्या, माणसांच्या नेमणुका, आलेला अर्ज कोणत्या दप्तरांत ठेवावयाचा याचा निर्णय, हा सारा व्यवहार कारभार्‍याच्या हातीं असे. संगणकाची रचना याहून निराळी नाहीं. पडदा, कळफलक, छपाईचें यंत्र हे अवयव आपापल्या परीनें समर्थ असतात. परंतु त्यांस कामाला लावणारा, आणि आपण लिहिलेलें पत्र कोठें ठेवलें हें ध्यानांत ठेवणारा जो कारभारी, ती ही कार्यप्रणाली. तिच्या आणि प्रत्येक अवयवाच्या मध्यें एकेक दुभाष्या असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. कारभारी बदलला कीं दुभाषेही बदलावे लागतात. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्याकडील बहुतेक घरांत हा कारभार मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोजकडे असतो. तिची एक्स्‌पी नांवाची आवृत्ति २००१ सालीं निघाली, व्हिस्टा २००७ सालीं सर्वांच्या हातीं आली, सातवी २००९ मध्यें, आठवी २०१२ मध्यें, दहावी २०१५ मध्यें आणि अकरावी २०२१ मध्यें. मागें फिरण्याची इच्छा प्रत्येक वेळीं झालेली आहे, आणि ती केवळ म्हातार्‍यांस झाली असेंही नाहीं. व्हिस्टा आली तेव्हां मोठमोठ्या कंपन्यांनीं एक्स्‌पी सोडली नाहीं, आणि यंत्रें विकणारांस नव्या यंत्राबरोबर जुन्या प्रणालीची सोय ठेवावी लागली. आठव्या आवृत्तींत कोपर्‍यांतील स्टार्टचें बटण नाहींसें झालें. लोकांची इतकी कुरकुर झाली कीं पुढच्याच वर्षीं तें परत आणावें लागलें. तेव्हां नव्यास नांवें ठेवणारा प्रत्येक जण जुनाट बुद्धीचाच असतो असें समजण्याचें कारण नाहीं.

कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत या वादाचा निकाल केव्हांच लावून ठेवला आहे. भास, सौमिल्ल अशा नामांकित कवींना सोडून आजच्या कवीचें नाटक कशासाठीं, असें तेथें सूत्रधारास विचारण्यांत येतें. त्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा कीं, वस्तूच्या वयावरून तिची किंमत करूं नये, पारख करून मग काय तें घ्यावें. हा श्लोक मीं तीस वर्षें वर्गांत शिकविला. स्वतःवर प्रसंग आला तेव्हां मात्र तो माझ्या उपयोगीं पडला नाहीं.

प्रसंग असा. माझ्या थोरल्या बंधूंनीं सेवानिवृत्तीनंतर, २००२ सालीं, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. माळ्यावर आजोबांचे कागदांचे रुमाल होते. ते सारे मोडी लिपींत. कागद शाबूत, शाई टवटवीत, अक्षर वळणदार; परंतु आमच्या पिढींत मोडी वाचणारे एकटे बंधूच. त्यांनीं तीन वर्षें बसून ते कागद वाचले, त्यांतील मजकूर बाळबोधींत आणला, नातेवाईकांस पत्रें पाठवून नांवें, जन्ममृत्यूच्या तिथी आणि कन्यांच्या सासरचीं घराणीं मिळविलीं, आणि हें सर्व आपल्या हातानें संगणकावर टंकलिखित केलें. त्यांच्या टिपणांच्या वह्या पुढें वाळवीनें खाल्ल्या. बंधूही गेले. उरल्या त्या संगणकांतील एकशें बारा पानांच्या फाइली.

येथें मराठी टंकलेखनाची एक हकीगत सांगितली पाहिजे, कारण आमच्या, आणि माझ्या समजुतीनें पुष्कळ मराठी घरांच्या, अडचणीचें मूळ तींत आहे. युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतांत देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें होतें, आणि एक्स्‌पीमध्यें त्या संकेतानें मराठी लिहितांही येत असे. परंतु तोंवर आपल्या छापखान्यांची सारी घडी श्रीलिपि, आकृति, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टांवर बसून गेली होती. या जुन्या फॉन्टांची युक्ति अशी कीं, संगणकाच्या ज्या कप्प्यांत रोमन अक्षरें व चिन्हें ठेवलेलीं असत, त्याच कप्प्यांत देवनागरीचे तुकडे बसवावयाचे: काना एका कप्प्यांत, वेलांटी दुसर्‍यांत, अर्धा क तिसर्‍यांत. फॉन्ट जवळ असेल तोंवर पडद्यावर मराठी दिसे. फॉन्ट गेला कीं त्याच ओळीच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राही. शिवाय प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी. एकाचें लिहिलेलें दुसर्‍यास वाचतां येत नसे. आणि पुष्कळ प्रोग्रॅमांबरोबर डोंगल नांवाचें एक लहानसें कुलूप मिळे. तें संगणकाच्या पाठीमागें लावल्यावांचून प्रोग्रॅम उघडत नसे.

आमचा जुना संगणक गेल्या श्रावणांत, वीज जाऊन पुन्हां जोरानें आली त्या रात्रीं, कायमचा बंद पडला. त्यांतील फाइली तेवढ्या एका जाणत्या मुलानें काढून पेनड्राइव्हवर दिल्या. पुण्याहून पुतण्यानें नवें यंत्र पाठविलें. त्यांत अकरावी विंडोज, तिची घरगुती आवृत्ति. मीं फाइल उघडली तों माझ्या पणजोबांच्या जागीं रोमन अक्षरें, प्रश्नचिन्हें आणि कंस यांचा ढीग. फॉन्ट मिळवून बसविला, तेव्हां अक्षरें कांहींशीं दिसूं लागलीं. पण एक चूक सुधारावी म्हटलें तर ज्या प्रोग्रॅमनें तें लिहिलें होतें तो कुलूप मागे आणि उघडेना.

इकडे दिवस थोडे उरले होते. माझ्या वहिनींचें सहस्रचंद्रदर्शन माघांत व्हावयाचें होतें, आणि त्या दिवशीं बंधूंचा कुलवृत्तांत छापून त्यांच्या हातीं द्यावा असें मीं मनाशीं ठरविलें होतें. वहिनी आमच्या घरांत आल्या तेव्हां मी पाटीदप्तर घेऊन शाळेंत जात होतों. माझी मुंज त्यांनींच हौसेनें केली. पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, थोडे थांबा. मी दिवाळीला येतोय, तेव्हां बसून पाहूं.” मीं थांबलों नाहीं. जुना मजकूर जुन्या कारभार्‍याच्या हातीं सुरळीत चालत होता. तेव्हां नवा कारभारी काढून जुना आणला कीं सर्व पूर्ववत्‌ होईल, इतका सोपा हा हिशेब मला वाटला. मागें दुसर्‍या एका यंत्रासाठीं घेतलेली सातव्या विंडोजची तबकडी कपाटांत होती. ती आणि नवें यंत्र घेऊन मी एस्‌टीनें एका मोठ्या गांवच्या दुकानांत गेलों.

तेथील कारागिरानें मला विचारावयाचें तें विचारलें. “आजोबा, बॅकअप आहे ना?” मीं खिशांतील पेनड्राइव्ह दाखवून म्हटलें, “सगळें यांत आहे.” तो विचारीत होता नव्या यंत्रांतील मजकुराविषयीं, मी सांगत होतों जुन्या यंत्रांतील फाइलींविषयीं. प्रश्न खरा, उत्तरही खरें. पण दोघांच्या मनांतील वस्तु निराळी. त्या गैरसमजाचा दोष मीं त्यास कधीं दिला नाहीं.

इतक्या जुन्या प्रणालीसाठीं डिस्कची आंखणीच बदलावी लागते, म्हणून त्यानें प्रथम ती कोरी केली. मग सातवी विंडोज चढवूं गेला, तों पहिल्याच पानावर कळफलक आणि माउस दोन्ही मुके झाले. वर सांगितलेला दुभाष्याचा मुद्दा तो हाच. यूएस्‌बीच्या नव्या रचनेची भाषा त्या २००९ सालच्या कारभार्‍यास ठाऊकच नव्हती. दोन दिवस खटपट करून त्यानें शेवटीं दहावी विंडोज बसविली. मी समाधानानें घरीं आलों, कुलवृत्तांताचा प्रोग्रॅम घातला आणि कुलूप लावावयास यंत्राची पाठ फिरविली. कुलूप पंचवीस खिळ्यांचें, जुन्या प्रिंटरच्या दांडग्या जोडासाठीं केलेलें. नव्या यंत्रास तसें खोबणच नाहीं! कारभारी कितीही जुना आणला, तरी भिंतींत जें दारच नाहीं त्यास कुलूप कोठें लावणार? हें यंत्र दुकानांत नेण्यापूर्वीं एकदां त्याची पाठ पाहिली असती तर दोन मिनिटांत समजलें असतें.

इतकेंच असतें तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. संध्याकाळीं नात यंत्रापुढें बसली, आणि थोड्या वेळानें म्हणाली, “धाकटे आजोबा, आजीचं बोलणं कुठं आहे?”

भाद्रपदांत, नवें यंत्र नुकतें आलें होतें तेव्हां, तिनें चार संध्याकाळीं आपल्या आजीस बोलतें करून तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. माझ्या आजीनें संस्थानच्या काळीं जव्हारांत बिर्‍हाड कसें मांडलें. मोठ्या आत्याचें बारशाचें नांव काय आणि हांक मारावयाचें काय. कोणतें मूल कोणत्या साथींत गेलें, ज्याचें नांव बंधूंच्या वंशावळींतही आलें नाहीं, कारण तें बाराव्या दिवसापर्यंत जगलेंच नव्हतें. पुरुषांनीं लिहिलेल्या कागदांत जें नसतें तें सारें त्यांत होतें. हें ध्वनिमुद्रण त्या एका यंत्राशिवाय अन्यत्र कोठेंही ठेवलेलें नव्हतें, आणि ती डिस्क मीं स्वतः नेऊन कोरी करून आणली होती. पुसलेलें परत मिळवून देणारे कारागीर असतात. परंतु पुसल्यावर त्याच जागेवर नवें लिहिलें गेलें कीं आशा थोडी राहते, आणि हल्लींच्या एस्‌एस्‌डी जातीच्या डिस्कांत त्याहूनही थोडी. चौकशी केली, उत्तर नकारार्थीं आलें.

मीं वहिनींस सांगितलें. त्या गहूं निवडीत होत्या. हात न थांबवितां म्हणाल्या, “भावोजी, जीव का टाकतां एवढा? पुन्हां सांगेन मी. पण तेव्हां मला जसं ओघानं आठवलं तसं आतां आठवेल असं नाहीं.” त्यांनीं रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

यानंतर मीं पुतण्याची वाट पाहिली. दिवाळींत तो आला. त्यानें पहिला प्रश्न केला तो असा: “काका, आपल्याला जुनी विंडोज पाहिजे आहे, कीं बाबांचा मजकूर पाहिजे आहे?” इतका साधा प्रश्न मीं स्वतःस विचारला नव्हता. मला विंडोजशीं काय कर्तव्य? मला हवें होतें तें बंधूंचें लिखाण. तें काढून घेण्यापुरतें एक जुनें यंत्र कोठें तरी तासभर मिळालें म्हणजे पुरे होतें; नव्यास जुनें करण्याची गरजच नव्हती.

असें यंत्र मोखाड्यास सांपडलें. तेथें माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याच्याजवळ एक्स्‌पीच्या काळांतील संगणक अजून चालता आहे. त्यास इंटरनेट जोडलेलें नाहीं, आणि पाठीमागें पंचवीस भोंकांची ती खोबणही आहे. आश्विन संपून नागलीचीं कणसें खळ्यावर येण्याचे दिवस. घाटवळणाच्या त्या रस्त्यानें कुलूप व पेनड्राइव्ह घेऊन आम्ही काकापुतणे गेलों. कुलूप लावतांच प्रोग्रॅम उघडला आणि पडद्यावर बंधूंचें पहिलें पान जसेंच्या तसें उभें राहिलें. गणेशाय नमः, आणि खालीं त्यांच्या सवयीप्रमाणें शकाचा आंकडा. आम्ही प्रथम सर्व पानें कागदावर छापून घेतलीं. फाइलींची आणखी एक प्रत केली. मग चहा घेतला.

त्या शिक्षकाची स्वतःची अडचण ऐकण्यासारखी होती. मागें फिरण्याचें खरेंखुरें कारण कसें असतें तें तींत दिसतें. अकराव्या विंडोजच्या घरगुती आवृत्तीस पहिल्या मांडणीच्या वेळीं इंटरनेट लागतें आणि कंपनीचें खातेंही उघडावें लागतें. शहरांतील मनुष्यास हें जाणवतही नाहीं. परंतु मोखाडा तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर फोनची रेंज मिळावयाची तर टेकाडावर जावें लागतें. तेथील शाळेंत नवें यंत्र आणून ठेवलें तर तें पहिला उंबरठाच ओलांडीत नाहीं. त्यास पुष्कळांनीं सल्ला दिला कीं, जुनी विंडोज घाल म्हणजे झालें. त्यानें तसें केलें नाहीं. यंत्र मोखाड्यास आणलें, फोनच्या इंटरनेटवर पहिली मांडणी पुरी केली, आणि मग तें पाड्यावर नेलें. तेथें तें रेंजवांचून बिनतक्रार चालतें. “गुरुजी, उंबरठा एकदांच ओलांडायचा होता, त्यासाठीं घर कशाला बदलूं?” असें तो म्हणाला. विद्यार्थ्याकडून शिकण्याचा योग शिक्षकाच्या आयुष्यांत येतो तो असा.

आतां वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी एकत्र सांगतों.

पहिली गोष्ट परवान्याची. जुन्या आवृत्तीकडे जाण्याचा हक्क कंपनी देते, पण तो यंत्राबरोबर आलेल्या व्यावसायिक म्हणजे प्रो आवृत्तीस. अकराव्या प्रोवरून दहाव्या प्रोवर रीतसर जातां येतें. घरगुती आवृत्तीस हा हक्क नाहीं. एका यंत्राबरोबर आलेला परवाना दुसर्‍या यंत्रावर सहसा चालत नाहीं. माझी कपाटांतील तबकडी त्या दृष्टीनेंही निरुपयोगीच होती. मात्र आपल्याच यंत्रांत दहावीवरून अकरावी चढविली असेल आणि ती रुचली नसेल, तर पहिल्या दहा दिवसांत मागें जाण्याची सोय सेटिंगमध्येंच असते, आणि तींत आपल्या फाइली जागेवर राहतात. दहा दिवस गेले, किंवा यंत्रच अकरावी घेऊन आलेलें असलें, तर सारें पुसून नव्यानें मांडण्यावांचून मार्ग नाहीं.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. प्रत्येक आवृत्तीची देखभाल ठराविक काळ चालते आणि मग थांबते. एक्स्‌पीची ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली, सातवीची १४ जानेवारी २०२० रोजीं आणि दहावीची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. घरगुती वापरणारांनीं नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय कंपनीनें ठेवली. देखभाल थांबलेली प्रणाली इंटरनेटला जोडणें म्हणजे रात्रीं दार लोटून निजणें होय. मे २०१७ मध्यें वानाक्राय नांवाचा उपद्रव दीडशेंच्या आसपास देशांत पसरला. त्यानें लोकांच्या फाइली कुलुपबंद करून खंडणी मागितली, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचें काम अडलें. ज्या फटींतून तो शिरला ती बुजविण्याची दुरुस्ती मार्चमध्येंच निघालेली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती ते सांपडले. तेव्हां जुनें यंत्र ठेवावयाचें तर मोखाड्याच्या शिक्षकाप्रमाणें इंटरनेटपासून दूर ठेवावें.

तिसरी गोष्ट, मागें न जातां काम भागविण्याचे मार्ग. विंडोजचे बत्तीस बिटांचे बहुतेक जुने प्रोग्रॅम अकराव्या आवृत्तींतही चालतात. सोळा बिटांचे, म्हणजे विंडोज ९५ च्या आधींच्या घडणीचे, मात्र चालत नाहींत. प्रोग्रॅम अडखळला तर त्याच्या गुणधर्मांत, आपण जुन्या विंडोजमध्येंच आहों असें त्यास भासविण्याची एक सोय आहे. ती प्रथम करून पाहावी. तेवढ्यानें न भागल्यास नव्या यंत्राच्या पोटांत एक आभासी यंत्र उभारून त्यांत जुनी प्रणाली, तिचा परवाना असल्यास, ठेवतां येते. मोठ्या वाड्यांत सोंवळ्याची खोली निराळी असावी तसें हें. आमच्यासारखें पाठीमागचें कुलूप असेल तर हा उपाय बहुधा लागू पडत नाहीं, एरवीं उत्तम.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर युनिकोडमध्यें आणून ठेवावा, आणि तो जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच आणावा. यासाठीं रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबूं नये. जुन्या फॉन्टांत ‘कि’ लिहावयाचें तर वेलांटी आधीं आणि क मागून, कारण कागदावर तशी दिसते. युनिकोडमध्यें उच्चाराचा क्रम, म्हणजे आधीं क आणि मग इकार. ‘धर्म’ या शब्दांत जुना फॉन्ट रफार शेवटीं ठेवतो. युनिकोड र्‌ आधीं ठेवतो, कारण तोंडांतून तो मच्या आधीं निघतो. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास ही दुसरी व्यवस्था पाहून संतोष होईल. शिक्षाग्रंथांनीं वर्णांचा विचार उच्चारावरूनच केला आहे. परंतु एका क्रमावरून दुसर्‍या क्रमावर जातांना अक्षरें अधूनमधून ठेंचाळतात. आमच्या एकशें बारा पानांत ‘कार्तिक’चा रफार अनेकदां उडाला, ‘पुत्र’चा ‘पुत’ झाला, आणि एका ठिकाणीं तर वजाबाकीचें चिन्ह घुसून एक पूर्वज जन्मण्यापूर्वींच दत्तक गेले.

हीं पानें तपासावीं कशीं? एकानें मूळ छापील प्रत हातीं घ्यावी आणि दुसर्‍यानें नवी मोठ्यानें वाचावी, हाच शाळेंतील जुना मार्ग मला ठाऊक. रोज दिवेलागणीनंतर तासभर असे एकोणीस दिवस आम्ही बसलों. नात वाचीत असे, मी मूळ प्रत पाहात असें, आणि वहिनी भिंतीशीं बसून ऐकत. आणि मग जें मीं योजलें नव्हतें तें घडूं लागलें. एखादें नांव आलें कीं वहिनी म्हणत, “थांब ग. ही ती नव्हे, ही धाकटी.” आणि त्या धाकटीची हकीगत निघे. भाद्रपदांत सांगितलेलें पुष्कळसें अशा रीतीनें पुन्हां आलें, आणि तेव्हां न सांगितलेलेंही कांहीं आलें. सर्वच आलें असें नाहीं. आजीच्या बिर्‍हाडाची हकीगत पहिल्या वेळीं अर्धा तास चालली होती असें नात सांगते. दुसर्‍या वेळीं ती चार वाक्यांत आटोपली, आणि एक नांव वहिनींस आठवलें नाहीं तें नाहींच. तें माझ्या खातीं कायमचें बाकी आहे.

एका संध्याकाळीं पत्त्याचा प्रश्न निघाला. बंधूंनीं लिहिलें होतें ‘मुक्काम जव्हार, जिल्हा ठाणें’. १ ऑगस्ट २०१४ पासून आम्ही पालघर जिल्ह्यांत आहों. आजोबांच्या कागदांवर ‘संस्थान जव्हार’ असे. नातीनें विचारलें, यांतला कोणता ठेवूं? वहिनी म्हणाल्या, “तिन्ही ठेव. घर तेंच आहे.” तसें केलें.

त्यावरून मला बंधूंच्या श्रमाचा अर्थ निराळा दिसूं लागला. त्यांनीं आजोबांचे कागद मोडींतून बाळबोधींत आणले नसते, तर माळ्यावर रुमाल शाबूत असूनही आमच्यापुरते ते मुकेच राहिले असते. आणि त्यांनीं मोठ्या कष्टानें सोडवून आणलेला तोच मजकूर वीस वर्षांत पुन्हां एका न वाचतां येणार्‍या लिपींत जाऊन पडला होता. कागद असो वा डिस्क, वस्तु टिकली म्हणजे मजकूर टिकला असें होत नाहीं. दर पिढीस कोणी तरी बसून तो पुढें आणावा लागतो. मोडी जाणणारे बंधु मागच्या पिढीचें तें काम करून गेले. या पिढीचें काम यंत्रास मागें ओढल्यानें होणारें नव्हतें.

कोणी म्हणेल कीं, मग नव्याच्याच मागें धांवावें काय? तसेंही माझें म्हणणें नाहीं. मोखाड्याचें तें जुनें यंत्र नसतें तर आम्ही काय केलें असतें? जुनें नीट जपून ठेवणारा मनुष्य समाजांत असलाच पाहिजे. माझें सांगणें इतकेंच कीं, कांहीं बदलण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. मला जुनें यंत्र हवें आहे कीं त्यांतील मजकूर? आणि हें नवें, ज्यावर मी रागावलों आहें, त्यांत आजपर्यंत काय सांठलें आहे? दुसर्‍या प्रश्नाचें उत्तर घरांतील लहानांस विचारल्यावांचून देऊं नये. तीं तेथें काय ठेवतात याची आपणांस कल्पना नसते.

कुलवृत्तांत माघांत वेळेवर छापून झाला. युनिकोडमधील एक प्रत पुण्यास पुतण्याकडे आहे, एक येथें, आणि एक पेनड्राइव्हवर देवघराच्या खणांत. वहिनींच्या आठवणींच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रतीही तशाच तीन ठिकाणीं ठेवल्या आहेत. नवें यंत्र पुतण्यानें पुन्हां अकराव्या विंडोजवर आणून दिलें. मला तें अजून पुरतेंसें आवडत नाहीं, पण त्याच्यावर हा लेख लिहितां आला. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुन्या फॉन्टांतील कांहीं लिखाण पडलें असेल, त्यांनीं तें या सुट्टींत उघडून पाहावें. आणि कोणी वडीलधारें मनुष्य जवळ बसण्यासारखें असेल तर मोठ्यानें वाचावें.